डोंगरापलीकडच्या सुनेचे तीन शेवट

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी मराठीच्या पदवीला बसलो, तेव्हा माझं वय त्रेसष्ट होतं. नोकरी करणाऱ्यांसाठी दर रविवारी सकाळी वर्ग भरायचा. नाशकातल्या द्वारका चौकापासून चालत दहा मिनिटांवर एका शाळेच्या वरच्या मजल्यावर. शिकवायला उत्तरा मॅडम. विषय होता साहित्यविचाराची ओळख, आणि आम्हा अकरा जणांपैकी निम्म्यांच्या तो डोक्यावरून जायचा.

अशाच एका रविवारी खाकी साडीतली एक बाई दारात उभी राहिली. हातात एक पुस्तक.

"मॅडम, हे आमच्या गाडीत राहिलं होतं. नियमाप्रमाणे डेपोत जमा केलं. तीन आठवडे कुणी आलं नाही. आत इथला शिक्का आहे म्हणून साहेब म्हणाले, तूच देऊन ये."

आमच्या वर्गातल्या राकेशला आपलं पुस्तक हरवलंय हे त्या क्षणी कळलं. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं आणि पुस्तक हातात घेतलं. बाई मात्र हलली नाही.

"एक विचारू का? नामपूरला गाडी थांबते तेव्हा मी याची दहाएक पानं वाचली. यात लिहिलंय, लिहिणाऱ्यानं एकदा लिहिलं की अर्थ त्याच्या हातात राहत नाही. मग कुणाच्या हातात जातो?"

मॅडम हसल्या. "तुम्हाला काय वाटतं?"

"मी कंडक्टर आहे. आमच्या गाडीवर पाटी असते, नाशिक-नामपूर, मार्गे सटाणा. आता त्यात देवळा लिहिलेलं नाही. पण देवळ्याचा माणूस पाटी वाचतो आणि न विचारता चढून बसतो. त्याला पाटीत देवळा दिसतं. नवखा माणूस तीच पाटी वाचून मला तीनदा विचारतो. आणि एक म्हातारी आहे वडाळीभोईची, तिला वाचताच येत नाही. ती माझं तोंड पाहून चढते. पाटी एकच आहे ना?"

मॅडमनी बाक दाखवून म्हटलं, "बसा. आज याच्यावरच बोलायचं होतं."

त्या बसल्या त्या माझ्याच शेजारी. पुढच्या जूनमध्ये त्यांनी रीतसर प्रवेश घेतला. मी त्याच पेपरात नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात होतो, त्यामुळे आमची बाकसोबत टिकली. मी त्यांना उज्वलाताई म्हणायचो, त्या मला काका.

उज्वलाताईंचं माहेर नामपूरचं. घरी कांदा. त्या वाढल्या अहिराणीत, म्हणजे 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या बोलीत. एकविसाव्या वर्षी लग्न होऊन नाशकात आल्या, नवरा दीपक सातपूरच्या एका कारखान्यात. सासर त्यांच्याच नात्यागोत्यातलं, पण दोन पिढ्या शहरात राहून बोलणं पार बदललेलं. सहा-सात वर्षांनी एसटीत भरती निघाली, त्यांनी अर्ज केला, लागल्या. आता पंचेचाळीस वर्षांच्या. मुलगा रुद्र बाविशीला पोचलेला.

"शिकायचं आताच का सुचलं?" मी एकदा विचारलं.

"न समजणारं पुस्तक हातात आलं की मला राहवत नाही, काका. समजलेलं मी वाचून ठेवून देते."

वर्गात त्या सगळ्यात जास्त प्रश्न विचारायच्या, आणि उदाहरणं अशी द्यायच्या की मॅडमही वहीत टिपून घ्यायच्या. एकदा धडा होता की शब्दाला अर्थ कुठून येतो. पुस्तकात म्हटलेलं, शब्दाचा अर्थ शब्दाच्या पोटात नसतो, तो शेजारच्या शब्दांपासून वेगळा असण्यात असतो. मला हे काही पटत नव्हतं. पेन म्हणजे पेन, त्याला शेजारी कशाला हवा?

उज्वलाताई म्हणाल्या, "काका, गोल्टी म्हणजे केवढा कांदा?"

"मला काय माहीत? लहान असेल."

"केवढा लहान?"

"तुम्हीच सांगा."

"ते सांगताच येत नाही. आम्ही लहानपणी कांदा निवडायला बसायचो. मोठा एकीकडे, त्याहून लहान तो गोल्टा, गोल्ट्याहून लहान ती गोल्टी. एखाद्या वर्षी पाऊस नीट झाला नाही तर सगळाच माल बारीक निघायचा. मग आदल्या वर्षीची गोल्टी त्या वर्षी गोल्टा व्हायची. मी आईला म्हणायचे, मला एक गोल्टी दाखवून ठेव, तसेच निवडते. आई म्हणायची, एकटी गोल्टी नसतेच, ढीग पाहा."

मॅडमनी खडू खाली ठेवला. "आणि नाशकात भाजीवाल्याकडे?"

"नाशकात छोटा कांदा म्हणतात. त्यांना निवडावा लागत नाही, तर शब्द कशाला ठेवतील?"

त्या दिवशी मला पहिल्यांदा तो धडा समजला. परीक्षेत मी हेच उदाहरण लिहिलं, हे इथं कबूल करतो.

दिवाळीनंतर प्रकल्प आला. आपापल्या घरात किंवा गावात तोंडी चालत आलेली एक रचना घ्यायची, म्हण, गाणं, गोष्ट, काहीही, आणि शिकलेल्या विचारांच्या आधारे ती तपासायची. मी पोस्टातल्या जुन्या लोकांच्या म्हणी घेतल्या. उज्वलाताईंनी आईची एक गोष्ट घेतली आणि पुढच्या रविवारी वर्गात वाचून दाखवली.

गोष्ट अशी. एका मुलीचं लग्न डोंगरापलीकडच्या गावात होतं. तिकडची बोली वेगळी. पहिल्याच दिवशी ती आपल्या बोलीत पाणी मागते आणि सगळं घर हसतं. त्या दिवसापासून ती तोंड उघडत नाही. लोक तिला मुकी समजतात. मुकी म्हणजे बहिरीच, असं धरून तिच्यासमोर वाटेल ते बोलतात. वर्ष सरतं. एक दिवस सासरचे ओटीवर बसून ठरवतात, हिला माहेरी सोडून यावं आणि दुसरी सून आणावी. तेव्हा ती स्वयंपाकघरातून बाहेर येते आणि त्यांच्याच बोलीत, एकही शब्द न चुकता म्हणते, "बैल कशाला जुंपता? मी चालत जाते." आणि जाते.

उज्वलाताईंनी हे लिहिलं होतं अगदी शुद्ध मराठीत. 'तदनंतर ती नववधू मौन धारण करती झाली', असं. आम्ही टाळ्या वाजवल्या. मॅडमनी वाजवल्या नाहीत.

"ही गोष्ट कुणी सांगितली?"

"आईनं."

"या भाषेत?"

"नाही. अहिराणीत. पण ती परीक्षेत कशी चालेल?"

"बोलीवर हसल्यामुळे जी मुलगी गप्प झाली, तिची गोष्ट तुम्ही तिची बोली काढून टाकून लिहिलीत," मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता, पण उज्वलाताईंचा चेहरा उतरला. "आईकडे जा. त्यांच्या तोंडची जशीच्या तशी उतरवून आणा. आणि कुणाला सांगतात, कधी सांगतात, तेही पाहा."

पण सुट्टी मिळेना. नामपूरला त्या आठवड्यातून दोनदा गाडी घेऊन जायच्या, मात्र वीस मिनिटांत परत फिरावं लागायचं. शेवटी आखाजीला सुट्टी मिळाली. अक्षय तृतीयेला तिकडे आखाजी म्हणतात, तो लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात. पुढचं सगळं मला उज्वलाताईंनी सांगितलं आणि ते ध्वनिमुद्रणही ऐकवलं, म्हणून इतक्या खात्रीनं लिहितोय.

आई लंकाबाई अंगणात कुरडया वाळत घालत होत्या. वय पंच्याहत्तरच्या आसपास. मुलीनं मोबाइल समोर ठेवला तशा त्या म्हणाल्या, "हाई मशीन मन्हा आवाज धरी ठेवस का?"

"हो, आई. धरून ठेवतं."

"मंग चांगलं बोलनं पडी."

आधी इकडचं तिकडचं झालं. रुद्रचं लग्न ठरत होतं. मुलगी आरोही, सुरगाण्याकडच्या एका पाड्यातली, नाशकात एका दवाखान्यात नर्स. रुद्रनंच पसंत केलेली. उज्वलाताईंचा विरोध नव्हता. फक्त आरोहीच्या आईशी फोनवर बोलणं झालं होतं आणि त्यांच्या बोलण्याचा हेल उज्वलाताईंना फार गमतीचा वाटला होता. तो त्यांनी आईला करून दाखवला. ध्वनिमुद्रणात ते ऐकू येतं. उज्वलाताई नक्कल करतात, स्वतःच खो खो हसतात. लंकाबाईंचं हसू ऐकू येत नाही. कुरडईचं पातेलं सरकवल्याचा आवाज येतो.

मग गोष्ट सुरू होते. मुलगी, डोंगर, पाणी, हसणं, मौन. उज्वलाताई वहीत खुणा करत होत्या, कारण सगळं पाठ होतं. सासरचे ओटीवर बसतात तिथंपर्यंत सगळं तसंच. पुढे मात्र लंकाबाईंनी वाट सोडली. बैल नाहीत, चालत जाणं नाही. मुलगी बाहेर येऊन बोलते, सासरचे चपापतात, ती तिथंच राहते. वर्षं जातात. ती सासू होते. तिचा मुलगा आणखी पलीकडच्या डोंगरातली बायको आणतो. नवी सून पहिल्याच दिवशी तिच्या बोलीत पाणी मागते.

"मंग सासूनी काय कयं?" लंकाबाई स्वतःच विचारतात. थोडं थांबतात. "ती हासनी."

"हसली? आणि मग?"

"बस. तठेच सरनी गोट."

ध्वनिमुद्रणात यापुढे दूरवर पोरी झोक्यावर गाताना ऐकू येतात. उज्वलाताईंनी मला सांगितलं, त्यांना आधी राग आला. प्रकल्प बिघडला म्हणून.

"आई, गोष्ट अशी नाही. ती चालत जाते. तू मला लहानपणी तशीच सांगितलीस."

"सांगी व्हती."

"मग आता का बदललीस?"

"आते तू ल्हान शे का?"

तेव्हा उज्वलाताईंच्या लक्षात आलं की असं आधीही एकदा झालं होतं. चोवीस वर्षांपूर्वी, लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला. नव्या सासरी त्यांनी 'पानी शे का' असं विचारलं होतं आणि जावा, नणंदा, सगळ्या हसल्या होत्या. वाईट बुद्धीनं नाही, पण हसल्या होत्या. त्यानंतर सात-आठ महिने उज्वलाताई घरात हो आणि नाही यांच्यापलीकडे बोलल्या नाहीत. एकेक वाक्य मनात दोनदा घोकून, 'शे'चं 'आहे' करून, मग बाहेर काढायच्या. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. माहेरी आल्यावर आईलाही नाही. आईनं त्या वर्षी हीच गोष्ट सांगितली होती, आणि शेवट तिसराच होता.

त्या शेवटात सासूला ताप चढतो. तापात ती बरळायला लागते आणि बरळते ते सुनेच्या बोलीत. सासूही डोंगराअलीकडचीच लेक निघते. चाळीस वर्षांत विसरून गेलेली. सून तिला पाणी पाजते आणि दोघी रात्रभर आपल्या बोलीत बोलत बसतात.

"तेव्हा मला वाटलं, आई विसरली असेल," उज्वलाताई मला म्हणाल्या. "मी कधी बोलले नव्हते, काका. पण तिनं माझी तऱ्हा पाहिली असणार. माहेरीसुद्धा मी 'आहे, आहे' करत होते."

अंगणात त्यांनी आईला विचारलं, "यातली खरी कुठली?"

"समद्या खऱ्या शेतस. ऐकनारी कोन शे, ते पाहीसन सांगनं पडस."

लहान मुलीला निघून जाणारी सून सांगितली, कारण तिनं कुणाला घाबरू नये. नव्या नवरीला तापातली सासू सांगितली, कारण तिला तिथं राहायचं होतं. आणि होऊ घातलेल्या सासूला ही. लंकाबाई इतकं उलगडून बोलल्या नाहीत. त्या पुन्हा कुरडयांकडे वळल्या. उज्वलाताईंनी मोबाइल बंद केला आणि परतीच्या गाडीत, स्वतः प्रवासी म्हणून बसलेल्या असताना, देवळ्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी त्यांनी ते दीपकरावांना ऐकवलं. ते मन लावून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "पण यातली पहिल्या दिवशीची गोष्ट, पाण्याची... तुझ्या बाबतीत असं काही झालं होतं का?"

"झालं होतं."

"कधी?"

"तुम्ही तिथंच होतात."

दीपकराव खूप वेळ आठवत बसले. "मला वाटायचं तू मुळातच अबोल आहेस. मी मित्रांना सांगायचो, बायको शांत मिळाली." पुढे म्हणाले, "मी पण हसलो होतो का?"

"ते मला आठवत नाही," उज्वलाताई म्हणाल्या. मला त्यांनी सांगितलं की आठवत होतं. ते हसले नव्हते, पण पाणीही आणून दिलं नव्हतं.

यानंतर प्रकल्प लिहायला त्यांना दोन महिने लागले. अहिराणी जशीच्या तशी लिहायची तर लिहायची कशी, इथून सुरुवात. आईचं थांबणं कसं लिहायचं? पातेलं सरकवल्याचा आवाज गोष्टीत धरायचा की नाही? रविवारी वर्ग सुटल्यावर आम्ही खालच्या टपरीवर चहा घेत याच्यावर भांडायचो. माझं म्हणणं सरळ होतं. गोष्ट सांगणाऱ्याच्या मनात जे असतं तोच अर्थ. लंकाबाईंच्या मनात लेकीची काळजी होती, झालं.

"मग तुम्ही हसलात का, काका, शेवट ऐकून?"

"नाही. मला माझी धाकटी वहिनी आठवली. तिला आम्ही घरात फार चिडवायचो. तिच्या बोलण्यावरून नाही, जेवणावरून."

"ही तुमची वहिनी माझ्या आईच्या मनात होती का?"

मी चहा पिऊन टाकला. मला अजूनही वाटतं की सांगणाऱ्याला इतकं सहज बाजूला काढता येत नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, काढत नाहीच आहे, आई गेली तर गोष्ट कोण बदलणार? यावर आमचं एकमत झालं नाही, पण दोघांच्याही प्रकल्पात त्या टपरीवरच्या बोलण्याची अर्धी-अर्धी पानं आहेत.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक परीक्षक आले होते. मी बाहेर बाकावर बसलो होतो, दार उघडंच होतं. त्यांनी उज्वलाताईंना विचारलं, "तीन पाठ दिलेत. मूळ पाठ कोणता?"

"सर, मी शोधला. आईला तिच्या मावशीनं सांगितली होती, तिचा शेवट आईला आठवत नाही. म्हणजे आठवतो, पण दर वेळी वेगळा आठवतो."

"मग तुम्ही अभ्यास कशाचा केलात?"

"कुणासमोर काय बदलतं आणि काय बदलत नाही, याचा. तिन्हींत पाणी बदलत नाही. हसणं बदलत नाही. बाकी सगळं ऐकणारीवर आहे. म्हणून मी प्रत्येक पाठाखाली ऐकणारीचं वय आणि ती तेव्हा कुठं राहत होती ते लिहिलंय."

"तिन्ही वेळा ऐकणारी तुम्हीच आहात."

"हो सर. पण तीन वेगळ्या."

परीक्षकांनी ध्वनिमुद्रण ऐकायला मागितलं. नक्कल करून हसण्याचा भाग त्यात होताच. उज्वलाताईंनी तो कापला नव्हता. मॅडमनी सुचवलं होतं की हवा तर वगळा, तो खाजगी आहे. त्या म्हणाल्या होत्या, तो वगळला तर शेवट कुणालाच समजणार नाही.

वीसपैकी सतरा मिळाले. तीन गुण संदर्भसूची नीट नाही म्हणून गेले. सूचीत त्यांनी आईचं नाव लेखकाच्या जागी लिहून प्रकाशनाच्या जागी 'अंगण, नामपूर' असं लिहिलं होतं. मला चौदा मिळाले.

रुद्रचं लग्न डिसेंबरात झालं. मीही गेलो होतो. तिथं लंकाबाईंची बहीण अंबूबाई भेटल्या. प्रकल्पाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती आणि त्या चिडलेल्या होत्या. "ती गोट तुन्ही मायनी नही, मन्ही शे," असं त्या भर मांडवात उज्वलाताईंना सुनावत होत्या. त्यांच्या गोष्टीत म्हणे सून मुकी होतच नाही, रोज विहिरीत तोंड घालून बोलते आणि सगळं गाव ते पाणी पितं. उज्वलाताईंनी शालूच्या पदराआडून मोबाइल काढला आणि चालू केला.

आरोही आता उज्वलाताईंच्या नाशकातल्या अमृतधाम भागातल्या घरात असते. दवाखान्याच्या पाळ्या आणि एसटीच्या पाळ्या यांचा मेळ बसला की सासू-सुना एकत्र जेवतात. पहिल्या आठवड्यात आरोही फारशी बोलत नव्हती. तेव्हा उज्वलाताईंनी एका संध्याकाळी ते ध्वनिमुद्रण तिला लावून दिलं, नकलेसकट. तिच्याच आईची ती नक्कल. मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. तिनं पूर्ण ऐकलं आणि उठून आत गेली. म्हटलं, संपलं." उज्वलाताईंनी पिशवीतून पुढच्या वर्षाची पुस्तकं काढून बाकावर ठेवली. "अर्ध्या तासानं बाहेर आली आणि म्हणाली, आई, तुम्हाला तो हेल नीट जमला नाही. असा नसतो. आणि मग करून दाखवला. आता मला रोज शिकवते."